लिंबाईचा कौल, मुक्काम सुरत

बोरखळीची माणसं रोज सकाळी गावात जायची, आपापली घरं झाडायची, उंबऱ्याला हळदकुंकू लावायची, चुलीला पोतेरं फिरवायची आणि दाराला कुलूप घालून पुन्हा माळावरच्या झोपड्यांत राहायला यायची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. प्लेगाच्या साथीत गाव बाहेर पडलं ते पडलंच. साथ गेली, उंदीरसुद्धा परत येऊन लेकुरवाळे झाले, पण माणसं काही परत जाईनात. गावात परत जायचं ते लिंबाईनं कौल दिल्यावरच, ही वाडवडिलांची रीत. आणि लिंबाई कौल देत नव्हती.

तशी तिचीही काही चूक नव्हती. जुनी लिंबाई काळ्या, खडबडीत दगडाची होती. तिच्या दोन खांद्यांवर पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण साथीच्याच वर्षी देवळातली घंटा साखळी तुटून नेमकी तिच्या नाकावर आली आणि नाकाचा शेंडा उडाला. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये, म्हणून गावानं तिला रडतरडत सीनेच्या डोहात सोडलं आणि पंढरपुराहून पांढऱ्याधोप संगमरवराची नवी लिंबाई आणली. दिसायला देखणी, पण अंगानं इतकी गुळगुळीत की पाकळ्या टेकवाव्यात आणि दोन्ही एकदमच खाली. आता याला होय म्हणायचं की नाही, हे कुणालाच कळेना.

तेव्हापासून बोरखळीत काही म्हणजे काही ठरलं नव्हतं. विहीर पूर्वेला खणायची की पश्चिमेला, हे न ठरल्यामुळे दोन्हीकडे अर्धी अर्धी खणून ठेवली होती आणि पाणी दोन्हीकडे नव्हतं. शाळा ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, हेही तसंच. मास्तर बिचारे ओढ्यात धोंड्यावर बसून शिकवायचे आणि पावसाळ्यात सुट्टी द्यायचे. भीमा ढोलेनं बैल विकायचा की ठेवायचा म्हणून विचारलं होतं. बैल म्हातारा होऊन मेला, तरी प्रश्न यादीत तसाच होता, कारण यादीतून नाव काढायलाही कौल लागायचा.

यादी ठेवायचा रावजी गुरव. लिंबाईचा पुजारी. वय तीस, अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं इतका गरीब की शेळीनं अंगावर यावं. त्या यादीत सत्तावीस प्रश्न होते आणि सत्ताविसावा त्याचा स्वतःचा होता: मामाची मुलगी वच्छला हिच्याशी लग्न करावं का?

मामाची मुलगी म्हणजे हक्काची. तिच्या तेराव्या वर्षी सुपारी फुटली होती, आता ती चोवीस वर्षांची घोडनवरी झाली होती. बाकीच्या पोरापोरींची लग्नं अडली नव्हती. लोक सरळ शेजारच्या गावच्या देवाकडून कौल आणून मोकळे व्हायचे. पण गुरवानंच आपली देवी सोडून दुसऱ्याच्या देवापुढे पाकळ्या लावायच्या, हे कसं दिसेल? रावजीला ते शोभेना. आणि वच्छलाशी याबद्दल चार शब्द बोलावेत, तर तेही त्याला सुचलं नाही. देवीनं होय म्हटल्याशिवाय बोलायचं तरी काय, असं त्याला वाटायचं. ती पाणी घेऊन समोरून गेली की तो खाली बघायचा. असं अकरा वर्षं खाली बघितलं.

त्या वर्षीच्या फाल्गुनात अकलूजकडचा एक बिजवर वच्छलाला बघून गेला. मामानं रावजीला बोलावून सांगितलं की बाबा, माझी थांबायची तयारी होती तेवढी मी थांबलो. अक्षय तृतीयेपर्यंत कौल आण, नाहीतर पोर त्या माणसाला दिली. रावजी देवळात जाऊन संगमरवरी लिंबाईपुढे बसला आणि तिच्या खांद्यांकडे बघत राहिला. जेवला नाही.

अशात चांदसाब आला. चांदसाब गावचाच, सोलापुरी चादरी घेऊन सुरतेला विकायला जाणारा. आल्या आल्या त्यानं पाटलांना, म्हणजे आबासाहेबांना, बातमी दिली: सुरतेत तापीच्या काठी एक अजबखाना आहे, जुन्यापुराण्या वस्तू मांडून ठेवलेल्या असतात, आणि तिथं आपली लिंबाई उभी आहे. "नाक देखके पैचाना मैं," तो म्हणाला. "तुटेला नाक. वैसाच." मागं उन्हाळ्यात कुणी इंजिनेर साहेब सीनेवर पुलाची जागा बघायला आला होता, त्यानं आटलेल्या डोहातून ती उचलली आणि पुढं त्याची बदली सुरतेला झाली, तेव्हा अजबखान्याला भेट दिली, अशी हकिकत त्यानं तिथल्या माणसांकडून काढली होती.

गाव हादरलं. भंगलेल्या मूर्तीला विचारलेलं चालतं का, यावर माळावर दोन दिवस बैठक बसली. शेवटी आबासाहेबांनी निवाडा दिला. पूजा चालणार नाही, पण विचारायला काय हरकत आहे? मामलेदार निवृत्त झाला तरी लोक त्याचा सल्ला घेतातच की. हे सगळ्यांना पटलं. न पटून सांगतात कुणाला.

तर सुरतेला जायला पाच माणसं निघाली. आबासाहेब पाटील या नात्यानं, रावजी गुरव या नात्यानं, चांदसाब वाट दाखवायला. देवीची ओटी भरायला सवाष्ण हवी म्हणून रावजीची मामी मथुराबाई. आणि लग्नाची पोर झोपडीत एकटी कशी ठेवायची म्हणून वच्छला. माढ्याला गाडीत बसले, दादरला बदलली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरीच्या गाठोड्यांसह सुरतेला उतरले.

आबासाहेबांनी उतरताच मिशीवर हात फिरवला. आपल्या लोकांनी एके काळी हे शहर लुटलं होतं, हे त्यांना पाठ होतं, आणि त्यामुळे समोर येणारा प्रत्येक सुरतकर आपल्याला ओळखून दबतो आहे असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात सुरतकर त्यांच्या पागोट्याकडे बघून चादरीचा भाव विचारत होते. चांदसाबनं त्यांना तापीचा धक्का दाखवला. कधीकाळी इथं समुद्रातून जहाजं यायची, वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, आणि इंग्रजांच्या वखारी होत्या, मक्केला जाणारे हाजी इथूनच गलबतात बसायचे. आता गाळ साचून मोठी जहाजं येईनाशी झाली आहेत. आबासाहेबांनी पाण्याकडे बघून मान डोलावली आणि आपल्या सीनेलाही असाच गाळ आहे म्हणून सांगितलं. पुढं घुमटांच्या मोठमोठ्या इमारती लागल्या तशी मथुराबाईनं दर्गा समजून पदर पसरला आणि लेकीसाठी नवस बोलली. मग कळलं की ती जुन्या परदेशी व्यापाऱ्यांची थडगी आहेत. नवस परत घ्यावा का, हा अठ्ठाविसावा प्रश्न म्हणून तिनं रावजीला यादीत लिहायला लावला.

अजबखान्याशी पोचायला दुपारचे तीन वाजले. पाच वाजता बंद व्हायचा. पाचही जणांनी दारात वहाणा काढल्या, त्यामुळे पहारेकऱ्याची पंचाईत झाली. आतल्या वस्तू सांभाळाव्यात की बाहेरच्या वहाणा? तो वहाणांपाशी बसला. रावजीनं गावाहून आणलेली फुलं गाडीत सुकून गेली होती, म्हणून त्यानं आवारातल्या कण्हेरीची ओंजळभर फुलं तोडली. माळी ओरडत मागं आला, पण देवीसाठी म्हटल्यावर त्यानं स्वतःच आणखी चार काढून दिली.

पहिल्या दालनात पेंढा भरलेला वाघ होता, दुसऱ्यात काचेच्या पेटीत लाकडी गलबतं. तिसऱ्यात दगडी मूर्ती ओळीनं उभ्या होत्या. इतक्या देवींत आपल्या एकटीची ओटी भरली तर बाकीच्यांना काय वाटेल, या भयानं मथुराबाईनं दारापासूनच सुरुवात केली. अकरा मूर्तींच्या ओट्या भरल्यावर तांदूळ संपले आणि बारावी लिंबाई निघाली.

तीच होती. तेच नाक, तेच खांदे.  रावजी खाली पडून लोटांगण घालणार, तेवढ्यात आबासाहेबांनी पायाशी लावलेली पाटी चांदसाबकडून वाचून घेतली. 'अज्ञात स्त्री. बहुधा नर्तकी. बारावे शतक?'

आबासाहेब संतापले. त्यांच्या आवाजानं अजबखान्याचे मुख्य धावत आले. चष्मा, लांब कोट, हातात शाईची दौत तशीच. गृहस्थ गुजराती, पण बडोद्यात शिकलेले, त्यामुळे मराठी चांगलं यायचं. सगळी हकिकत त्यांनी उभ्याउभ्या ऐकली. वस्तूंना हात लावायला मनाई आहे, हे त्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं. मग थोडं थांबून, जरा खाजगीत विचारावं तसं त्यांनी विचारलं, की ही बाई कुठल्याही प्रश्नाला उत्तर देते का? देते म्हटल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं. गेली सहा वर्षं त्यांचं आणि मुंबईच्या एका विद्वानाचं या मूर्तीवरून भांडण चाललं होतं. हे म्हणायचे नववं शतक, तो म्हणायचा बारावं. त्याचं वजन जास्त म्हणून पाटीवर बारावं लागलं होतं.

"आधी तुमचा विचारा," ते रावजीला म्हणाले. "मग एक माझा."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी आबासाहेबांना ठाऊक नव्हती आणि गुरवाच्या घराबाहेर कुणालाच नव्हती. रावजीच्या बापानं मरताना त्याला जवळ घेऊन सांगितलं होतं, "पाकळी देवी पाडती, पर पाणी आपुन लावतो." जिकडची पाडायची तिकडे पाणी जेमतेम लावायचं आणि अंगठा हलका ठेवायचा. गावाचं भलं ज्यात असेल ते देवीच्याच मनात असणार, असा त्या घराण्याचा हिशेब होता. संगमरवरावर मात्र हा अंगठा चालला नाही. म्हणूनच गाव अकरा वर्षं माळावर राहिलं.

पहिला प्रश्न गावात परत जायचा. रावजीनं उजव्या खांद्यावर अंगठा नुसता टेकवला. गाऱ्हाणं निम्म्यावर आलं नाही तोच उजवी पाकळी टपकन खाली आली. मथुराबाई मटकन खाली बसून रडायला लागली. तिला आपली चूल आठवली. आबासाहेबांनी पागोटं काढून डोळे पुसले आणि चांदसाबलाही गहिवरून आलं; त्याचंही घर गावातच होतं. रावजीच्या मनात आलं की हे आपण केलं. मग म्हणाला, नाही, देवीनं केलं. मग त्यानं विचार करायचं सोडून दिलं, कारण घड्याळात साडेतीन वाजले होते.

नंतर कौल धडाधड सुटले. विहीर पूर्वेला, शाळा अलीकडे. मेलेला बैल ठेवावा असं आलं, ते भीमाला कसं सांगायचं हे आबासाहेबांनी पुढं बघू म्हटलं. थडग्याचा नवस परत घेऊ नये. मधेच मुख्यांचा प्रश्न झाला, आणि रावजीला शतक म्हणजे काय ते ठाऊक नसलं तरी त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर कळत होतं. उजवी पडली. मुख्यांनी चष्मा पुसला, खुर्ची मागवली आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना जातीनं बसले.

पाचाला दहा मिनिटं असताना रावजीचा प्रश्न आला.

त्यानं ठरवलं होतं की आपल्यासाठी अंगठा वापरायचा नाही. दुसऱ्याच्या भल्यासाठी केलं ती सेवा. स्वतःच्या लग्नासाठी केलं तर ती चोरीच. दोन्हीकडे सारखं पाणी, सारखा हात. देवी देईल ते. ओळखीच्या हातानं त्यानं दोन पाकळ्या निवडल्या. पण डावी लावताना त्याच्या डोळ्यांपुढं अकलूजकडचा बिजवर उभा राहिला आणि ती पडू नये म्हणून अंगठा आपोआप रुतला. हे बरोबर नाही असं वाटून त्यानं उजवीही तितकीच दाबली. मग डावी पुन्हा. मग उजवी. शेवटी हात सोडला तेव्हा त्याच्या अंगठ्याला खडबडीत दगडानं रक्त आलं होतं.

गाऱ्हाणं घातलं. काही पडेना. दुसऱ्यांदा घातलं. पाच माणसं, एक मुख्य आणि वहाणा सोडून आलेला पहारेकरी श्वास धरून त्या तुटक्या नाकाच्या बाईकडे बघत होते. ती मजेत उभी होती. पाचाची घंटा झाली. पहारेकरी खिडक्या लावू लागला. रावजी हात जोडून तसाच उभा, घामानं निथळत, आणि आपली अकरा वर्षं आता पहारेकऱ्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. 

वच्छला भिंतीशी उभी होती. दोन दिवसांच्या प्रवासात ती कुणाशी फारसं बोलली नव्हती. ती पुढं आली, मूर्तींपुढच्या दोरीखालून वाकून गेली आणि लिंबाईच्या उजव्या खांद्यावरची पाकळी नखानं सोलून काढली.

"लई दाबलंस," ती रावजीला म्हणाली. आणि पाकळी केसांत खोवली.

मथुराबाईनं तोंडात पदर कोंबला. आबासाहेबांनी काठी आपटली. माणसाच्या हातानं काढलेली पाकळी म्हणजे कौल नव्हे, असं त्यांनी कडक आवाजात सांगितलं. माणसाचा हात लागला की कौल बाद.

वच्छलानं रावजीकडे बघितलं. तीही गुरवाचीच लेक. पाण्याचं आणि अंगठ्याचं गुपित तिलाही ठाऊक होतं, आणि ते तिच्या जिभेवर आलेलं रावजीला दिसलं. एक वाक्य बोललं की झालं: आबासाहेब, मग दुपारपासूनचे सगळेच बाद. पण मग गावातल्या चुलीही बाद. पुन्हा माळ, पुन्हा झोपड्या. मथुराबाई अजून डोळे पुसत होती. रावजीनं मान हलवली, इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला कळली नाही. वच्छला गप्प राहिली. आपण तिला आता कायमचं घालवलं, हे रावजीला कळलं.

मग मुख्यांनी घसा खाकरला. उजवी बाद हे त्यांना मान्य होतं. पण डावी अजून जागेवर होती, आणि डावी पडल्याशिवाय नाही होत नाही, असंच ना? आबासाहेब विचारात पडले. कोर्टात वीस वर्षं बांधाचा दावा चालवलेला माणूस. कायद्याचा मुद्दा आला की तो टाळू शकत नसे. खरं होतं. डावी पडली तर नाही. पडली नाही तोवर देवीनं नकार दिलेला नाही. आणि नकार नाही, म्हणजे हरकत नाही.

"डावी पडायच्या आत लगीन लावलं तर रीतीला धरून हाय," आबासाहेब शेवटी म्हणाले. "पर ती हाय का पडली, हे हितनं कोण कळवणार?"

मुख्य म्हणाले, मी कळवीन. नऊ वाजता झाडणाऱ्याला या मूर्तीवर फडकं मारू नको म्हणून ताकीद देईन आणि दर आठवड्याला कार्ड टाकीन.

पुढचे तीन आठवडे बोरखळीत धांदल उडाली. एकीकडे लोक झोपड्या मोडून घरात शिरत होते, दुसरीकडे मांडव पडत होता. मामाला बाकी काही पटलं नव्हतं, पण पाटलांनी कायदा समजावल्यावर तो गप्प बसला. दर आठवड्याला सुरतेचं कार्ड यायचं, आबासाहेब ते चावडीवर सगळ्यांदेखत मास्तरांकडून वाचून घ्यायचे: 'डावी पाकळी जागेवर आहे. प्रकृती उत्तम. पाटीवर नववे शतक लावले.' लोक हात जोडायचे. केवढं सत्त्व म्हणायचं. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तिसरं कार्ड आलं, आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागलं.

रावजीला मात्र ते तीन आठवडे झोप नव्हती. कण्हेरीची पाकळी पाणी वाळलं की घटकाभरात पडते, मग ती केवढीही दाबा. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती पाकळी त्याच संध्याकाळी पडली होती. म्हणजे देवीनं नाही म्हटलं होतं, आणि तो परका माणूस कुठल्याशा दयेपोटी खोटं लिहीत होता.

लग्नानंतर चौथ्या दिवशी सकाळी वच्छला अंगणात सडा घालत होती. रावजी उंबऱ्यावर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी आपणहून बोलला. खाली बघूनच बोलला, पण सगळं सांगितलं. पाकळी राहणं शक्य नाही. देवीचा कौल नव्हता. आपण पाप केलं आणि तुलाही त्यात ओढलं. ते साहेब खोटं का लिहितात हे काही मला कळत नाही.

वच्छलानं बादली खाली ठेवली.

"मीच सांगितलं त्यास्नी," ती म्हणाली. "तुमी समदी वहाणा शोदीत हुता तवा. पाकळी पडणार हे मला बी ठावं हुतं की. मी म्हनले, पडली तरी हाय म्हणून लिवा. ते म्हनले, बरं."

रावजीनं मान वर केली. अकरा वर्षांनी तो तिच्याकडे नीट बघत होता. देवीला न विचारता कसं केलंस, एवढंच कसंबसं त्याच्या तोंडून निघालं.

"अकरा वर्सं तू तिला इचारत हुतास, हिला करू का म्हणून," वच्छला म्हणाली. "मला कदी इचारलंस? मी कवाच व्हय म्हनले असते."